हलवून पाहिलेला डबा

रिकामा डबा टाकून देण्याआधी तो कानाशी नेऊन हलवायचा, ही सवय मला कुंदाताई पालवांनी लावली. कल्याणहून त्यांच्या भाचीचा फोन आला तेव्हाही मी ओट्याशी उभा राहून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असाच हलवत होतो.

"काका, मावशी गेली," ती म्हणाली. "झोपेतच."

मी डबा खाली ठेवला. तिच्याशी जे बोलायचं ते बोललो. मग डबा परत उचलला, परत हलवला, आत हात घालून पाहिला आणि मगच कचऱ्यात टाकला. त्यात काही नसणार हे मला माहीत होतं. पण "माहीत आहे" या शब्दांवर कुंदाताईंचा विश्वास नव्हता. "माहीत आहे म्हणू नका. बघितलंय म्हणा," असं त्या म्हणायच्या.

कोपरीत आमची चार मजल्यांची जुनी इमारत होती. त्या तळमजल्यावर राहायच्या, मी पहिल्यावर. उंच, काटक बाई. सुती साडीचा पदर कमरेला खोचलेला, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला, चष्मा दोरीला. कोणाशीही बोलताना डोळे बारीक करून बघायच्या, जणू समोरचा माणूस म्हणजे उजेडात धरून तपासायची नोट आहे. लग्न केलं नव्हतं. का, ते कोणी विचारलं नाही. त्यांना प्रश्न विचारायची सोयच नव्हती, प्रश्न त्या विचारायच्या.

कोलशेतच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. जाळीच्या खिडकीआड त्या बसायच्या आणि खिडकीचा नियम एकच: जुनं आत टाका, मग नवं न्या. हातमोजे हवेत तर फाटके दाखवा. ड्रिलचा बिट हवा तर मोडका आणा. एकदा एक साहेब स्वतः टॉर्च मागायला आले. पहिली कुठे आहे विचारल्यावर हरवली म्हणाले. कुंदाताई म्हणाल्या, "मग शोधा ना." साहेब परत गेले आणि अर्ध्या तासाने जुनी टॉर्च घेऊन आले. ही गोष्ट त्या रंगवून सांगत नसत. त्यांच्या दृष्टीने त्यात रंगवण्यासारखं काही नव्हतंच. पुढे कारखाना बंद पडला, त्या जागेवर उंच इमारती आल्या आणि स्टोअरवाल्या कुंदाताई जाळीची खिडकी सोडून घरी आल्या. नजर मात्र त्यांनी तिथे जमा केली नाही.

आमची इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं, तेव्हा त्या नजरेला काम मिळालं. तोवर सगळ्यांनी भाड्याच्या घरात जायचं होतं, कोणी डोंबिवलीला, कोणी कल्याणला, आणि भाड्याची घरं होती त्याहून लहान. करारावर सह्या करण्याआधी कुंदाताईंनी तो वाचला आणि "अंदाजे" हा शब्द जिथे जिथे आला होता तिथे पेन्सिलने रेघ मारली. बाकीच्यांनी सह्या केल्या आणि मान वर करून आपापल्या माळ्यांकडे पाहिलं. आमच्या पिढीच्या घरांत माळा ही जागा नव्हती, ती एक समजूत होती. जे टाकवत नाही आणि वापरवत नाही ते सगळं तिथे चढलेलं. उतरवायचं कोणी?

पहिलं बोलावणं दुसऱ्या मजल्यावरच्या तावडे वहिनींचं. तावडे सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांच्या माळ्यावरून कुंदाताईंनी तीन मिक्सर खाली उतरवले आणि जमिनीवर ओळीने मांडले. मी शिडी धरायला होतो.

"हा चालतो?"

"चालेल. नुसता ब्रश गेलाय," तावडे म्हणाले.

"कधी गेला?"

"झाली असतील काही वर्षं."

"आणि हा?"

"ह्याचं भांडं मस्त आहे. त्याची मोटर मस्त आहे. दोन्ही मिळून एक चांगला—"

"केलात मिळून?"

"वेळ कुठे मिळतो ताई?"

"तावडे, तुम्ही रिटायर आहात."

आतून वहिनींचा हसू फुटल्याचा आवाज आला. तावड्यांनी ते हसू वहिनींना माफ केलं, कुंदाताईंना केलं नाही.

वहिनींना खरं तर फोनवर पाहिलेला प्लास्टिकच्या पारदर्शक डब्यांचा संच मागवायचा होता. कुंदाताईंना असल्या वस्तूंचा जबर संशय. "पसारा ठेवायला आणखी पसारा विकत आणणार? आधी रिकामं करा. मग बघू डबा लागतो का." आणि बहुतेक वेळा लागायचा नाही. मिठाईच्या खोक्यांची झाकणं ड्रॉवरमध्ये बसवून त्यांनी कप्पे केले. आइस्क्रीमच्या डब्यांत सुया, बटणं, पिना गेल्या. पलंगावरची चादर आणि तिचे अभ्रे त्यातल्याच एका अभ्र्यात घडी करून भरले, म्हणजे एका हाताला अख्खा जोड मिळतो. जुन्या जीन्सचे खिसे कापून दाराच्या मागे टांगले: एकात चार्जर, एकात कात्री, एकात वीजबिल. एका घरातली रिकामी खोकी त्या दुसऱ्या घरासाठी पिशवीतून घेऊन जायच्या. मोबदला म्हणून तेवढंच. भंगारवाला आला की त्याच्या काट्यावर आधी दुकानातून आणलेलं, सील न फोडलेलं आट्याचं पाकीट ठेवायच्या.

"ताई, काटा बरोबर आहे हो."

"असेल. बघू दे."

काटा बरोबर निघाला तरी त्या निराश व्हायच्या नाहीत. पुढच्या वेळी पुन्हा पाकीट आणायच्या.

"असू दे, लागेल" हे शब्द कोणी उच्चारले की त्या हातातलं काम थांबवून बोलणाऱ्याकडे वळायच्या. कधी लागेल? कोणाला लागेल? लागलं तर इथे आहे हे आठवेल? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक लोक पडायचे. तरीही त्या निर्दय नव्हत्या. वस्तू टाकाच असं त्या म्हणत नसत. "जिला जागा नाही ती अडगळ. जागा ठरली की संपलं, मग तिला कोणी हलवायचं नाही." एवढंच.

माझ्या पुस्तकांपुढे त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केलेली, त्यामुळे मला त्या "लायब्ररी" म्हणायच्या.

"काय हो लायब्ररी, कसं लावलंय हे?"

"विषयानुसार."

त्यांनी मधलंच एक नाव वाचून मला डोळे मिटायला लावले आणि ते कुठे आहे विचारलं. मी हात लांब केला आणि पुस्तकावर बोट ठेवलं. त्यांनी मान हलवली. "मग ही अडगळ नाही. पण ह्यातली निम्मी तुम्ही परत वाचणार नाही, ते तुम्हाला माहीत आहे." आणि मग, जरा थांबून, "म्हणजे, बघितलंय तुम्ही." निम्मी पुस्तकं मी वाचनालयाला दिली. प्रत्येक पुस्तक त्यांनी आधी कण्याला धरून झटकलं. माझ्या दिवंगत बायकोच्या अक्षरातली वाणसामानाची एक चिठ्ठी पडली. ती त्यांनी मला दिली. ती चिठ्ठी कुठे ठेवायची, एवढंच विचारलं, आणि मी जागा सांगेपर्यंत उभ्या राहिल्या.

हे झटकणं, हलवणं, आत हात घालणं, यातूनच पुढचं सगळं झालं.

आमच्याकडच्या बायका गावाला जाताना दागिने कपाटात ठेवत नाहीत. चोर आधी कपाटच फोडतो. म्हणून डाळीत, पावडरच्या रिकाम्या डब्यात, जुन्या गादीच्या शिवणीत ठेवतात, आणि परत आल्यावर कुठे ठेवलं ते आठवत बसतात. घर आवरताना असले डबे सरळ भंगारात जातात हे कुंदाताईंना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांच्या हातून जाणारा प्रत्येक डबा आधी कानाशी, मग उपडा, मग आत हात. घडी केलेली प्रत्येक साडी उलगडून. प्रत्येक पर्सचा प्रत्येक खण. पण हे दारातून पाहणाऱ्याला कसं दिसे? परक्या घरात एक बाई एकेक डबा कानाशी नेऊन हलवते आहे आणि संध्याकाळी भरलेली पिशवी घेऊन निघते आहे.

"फुकट कोण करतं हो हल्ली?" तावडे जिन्यात म्हणायचे. "मी कुणाचं नाव घेत नाही. पण पिशवीत काय जातं ते कुणी बघितलंय?"

गंमत म्हणजे हा प्रश्न कुंदाताईंच्याच पद्धतीचा होता.

माझ्या समोरच्या घरात शेवडे राहायचे. मंदार, त्याची बायको अश्विनी, त्यांचा मुलगा आणि मंदारची आई, शेवडेकाकू. डोंबिवलीला त्यांना मिळालेलं घर फारच लहान होतं. नवी इमारत उभी राहीपर्यंत आईला बदलापूरच्या एका वृद्धाश्रमात ठेवावं का, असं मंदारचं चाललं होतं. अजून ठरलं नव्हतं. "आईचं सगळं आई करते म्हणून बरंय," तो म्हणायचा. "तिचं करायची वेळ आली, तर आम्ही दोघं नोकरीवाले, कसं करणार?" काकूंच्या कानावर हे गेलेलं होतं.

ती दोघं ऑफिसला गेली की कुंदाताई तिथे आवरायला जायच्या. शेवडेकाकांच्या जुन्या मासिकांतलं काय ठेवण्यासारखं आहे ते बघायला मलाही त्यांनी बोलावलं. मी बाहेरच्या खोलीत मासिकं चाळत होतो. आतून डबा हलवल्याचा आवाज आला आणि मग दोघींचा.

"काकू, हा चष्मा मिठात कसा?"

"अगं बाई. मीच ठेवला असेन."

"काल दातांची डबी साबुदाण्यात होती."

मग काकूंचा आवाज, अगदी बारीक. "मला आठवत नाही गं हल्ली. ठेवते आणि जातं. कुंदा, मंदारला नको ना सांगूस. लगेच बदलापूर."

"मी कशाला सांगू? माझी खिडकी बंद." मग नेहमीच्या करड्या सुरात, "तो पोह्यांचा डबा द्या इकडे. तळाला किती मुंग्या आहेत बघा."

पोहे परातीत निघाले. डबा घासून, धुऊन, पालथा घालून गॅलरीत उन्हात ठेवला गेला. मासिकांचा गठ्ठा गॅलरीत न्यायचा होता म्हणून तो मीच बाजूला सरकवला. चकचकीत, ॲल्युमिनियमचा, आतून कोरडा रिकामा.

पुढच्या आठवड्यात काकूंच्या पाटल्या नाहीशा झाल्याचं कळलं. अश्विनीने त्या दिवाळीत कपाटाच्या चोरकप्प्यात पाहिल्या होत्या. आता कप्पा रिकामा. काकूंना विचारलं तर त्या नुसत्या घाबऱ्याघुबऱ्या होऊन "मला नाही गं माहीत" म्हणत होत्या.

अश्विनीने कुंदाताईंना जिन्यातच गाठलं. दारं उघडी होती, मी माझ्या उंबऱ्यात.

"ताई, मी डायरेक्ट विचारते, राग मानू नका. कपाट तुम्ही उघडलं होतं?"

"उघडलं होतं. चोरकप्पाही. रिकामा होता."

"रिकामा होता तर मला तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"चोरकप्पा रिकामा असणं हा काही गुन्हा नाही."

वरून तावडे उतरले. "मी म्हणतच होतो. अहो, एकेक डबा हलवून बघतात त्या. मी स्वतः बघितलंय."

"मग चला खाली," कुंदाताई म्हणाल्या. "माझं घर बघा. सगळे डबे हलवा."

कोणी जागचं हललं नाही. अश्विनीच्या मागे काकू दाराला धरून उभ्या होत्या आणि कुंदाताईंकडे एकटक बघत होत्या. एका वाक्याचं काम होतं. मी ते बोलायला तोंड उघडलं असावं, कारण कुंदाताई गर्रकन माझ्याकडे वळल्या.

"लायब्ररी, तुम्ही तुमची पुस्तकं बघा."

त्या सुरापुढे टॉर्चवाले साहेबही परत गेले होते. मी उंबऱ्यातून आत वळलो.

त्यांची बोलावणी बंद झाली. बायका जिन्यात भेटल्या तर हसत, पण दार लोटून घेत. चौथ्या मजल्यावरच्या कांबळे वहिनी तेवढ्या मुद्दाम मोठ्याने हाका मारायच्या, "मावशी, आमचा माळा राहिलाय हां! तुमच्याशिवाय आम्ही हात नाही लावणार." कुंदाताई जायच्या. फक्त आता त्यांची पिशवी बदलली होती. जुन्या मच्छरदाणीचा तुकडा कापून त्यांनी एक नवी शिवली होती, चांगली दुहेरी शिवणीची. आतली प्रत्येक गोष्ट बाहेरून दिसत होती: दोन मिठाईची खोकी, कात्री, सुतळी, चष्म्याचं घर. तावड्यांच्या दारावरून जाताना ती त्या दुसऱ्या हातात घ्यायच्या, दाराच्या बाजूच्या.

घरं रिकामी करायची वेळ अगदी जवळ आली, तेव्हा पाटल्या सापडल्या. अश्विनी संध्याकाळी कुंदाताईंच्या दारात आली. जिन्याच्या पायरीशी पुस्तकांच्या खोक्यांना सुतळी बांधताना मला ते सगळं दिसत आणि ऐकू येत होतं. काकूही तिच्यामागोमाग, कठड्याला धरत उतरल्या होत्या.

"ताई, सॉरी. खरंच सॉरी. काय बोलू मी?" अश्विनी रडवेली झाली होती.

कुंदाताईंनी तिला आत घेतलं नाही की बस म्हटलं नाही. डोळे बारीक करून विचारलं, "कुठे मिळाल्या?"

"पोह्यांच्या डब्यात. तळाशी."

कुंदाताईंच्या चेहऱ्यावर काहीतरी झरकन येऊन गेलं. अश्विनीनेही ते पाहिलं असावं, कारण तिचा आवाज बदलला. रडणं ओसरलं आणि त्याच्याखालून संशय वर आला. तिने मागे वळून सासूकडे पाहिलं.

"पण ताई, तो डबा तुम्ही बघितला असेल ना? तुम्ही तर सगळे बघता. म्हणजे मग पाटल्या नंतर कोणी... आई, तुम्ही नंतर ठेवल्यात का?"

काकूंनी कठडा घट्ट धरला.

"नाही," कुंदाताई म्हणाल्या. "तो डबा राहिला. बघितला नव्हता मी."

"तुम्ही नाही बघितला?"

"माझ्याच नजरेतून सुटला. पोहे होते आत, मी वरवर हात फिरवला. मे महिन्यात गावाला गेल्या होत्या ना ह्या? तेव्हा ठेवल्या असतील. सगळ्याच ठेवतात आणि सगळ्याच विसरतात. तुझ्या आईला विचार." मग त्या थांबल्या आणि एकदम हुकमी सुरात म्हणाल्या, "आता एक कर. कपाटात नको, डब्यात नको. त्या ह्यांच्या हातात घाल, आत्ताच. रोजची वस्तू हाताशी ठेवायची. आणि डोंबिवलीच्या घरात ह्यांची खाट कुठे, ते सामान चढवायच्या आधी ठरव. नंतर नाही."

अश्विनीने मान हलवली. कुंदाताईंची चूक झाली होती म्हटल्यावर तिला जरा मोकळं वाटलेलं दिसलं. तिचीही चूक त्यामुळे लहान झाली.

त्या दोघी वर गेल्यावर मी म्हणालो, "कुंदाताई, तो डबा तुम्ही धुऊन गॅलरीत—"

"सुतळी सैल आहे," त्या म्हणाल्या. "परत बांधा."

इमारतीत दुसऱ्या दिवशी सकाळीच पसरलं की कुंदाताईंच्या नजरेतून अख्खा डबा सुटला. जिन्यात तावडे म्हणाले, "वय झालं आता. स्टोअरचं ऑडिट करायला हवं." लोक हसले. चोरी केली हे ऐकताना ज्यांची मान ताठ होती, त्या कुंदाताई हे ऐकताना खाली बघत चालत गेल्या. मी तो डबा पाहिला होता. मला माहीत होतं असं मी म्हणत नाही.

शेवडेकाकू डोंबिवलीला मुलाबरोबरच गेल्या. पुढे त्यांचा विसर मंदार-अश्विनीला कळला. असं झाकून राहत नाही. पण तोवर नातवाच्या अभ्यासाच्या टेबलाशेजारी त्यांची खाट ठरून गेली होती आणि बदलापूरचं नाव मागे पडलं होतं. मी अधूनमधून जाऊन यायचो. काकूंना माझं नाव आठवत नसे, पण बोलताना त्या हातातल्या पाटल्या फिरवत राहायच्या. गेल्या वर्षी त्या गेल्या. आता कुंदाताईही नाहीत. लपवायचं ज्यांच्यासाठी होतं त्या दोघीही उरल्या नाहीत, म्हणून हे लिहितो आहे.

कुंदाताई कल्याणला भाचीकडे गेल्या. फोनवर आम्ही बोलायचो, म्हणजे त्या प्रश्न विचारायच्या आणि मी उत्तरं द्यायचो. पण डोळ्यांनी मी त्यांना शेवटचं पाहिलं ते निघायच्या दिवशीच. इमारतीसमोर टेंपो उभे होते. लोक आपापल्या सामानाभोवती उभे राहून, दुसऱ्याचं किती आणि आपलं किती, ते बघत होते. शेवड्यांचा टेंपो भरून झाला होता. काकूंना रिक्षात बसवलं होतं, आणि एक ॲल्युमिनियमचा डबा खाली पायरीवर राहिला होता. तोच. पोहे काढून घेतलेला.

"राहू दे तो," मंदार म्हणाला. "भंगारात जाईल."

काकू रिक्षातून बाहेर झुकल्या आणि काहीतरी पुटपुटल्या.

कुंदाताई मच्छरदाणीची पिशवी सांभाळत पुढे आल्या. डबा उचलला, झाकण काढलं. मग सगळी इमारत बघत असताना, तावडे बघत असताना, तो कानाशी नेला आणि हलवला. उपडा केला. आत हात घालून तळापर्यंत फिरवला. झाकण परत घट्ट लावून त्यांनी तो काकूंच्या मांडीवर ठेवला, काकूंचे दोन्ही हात धरून डब्यावर ठेवले आणि पाटल्या जागेवर आहेत का ते अंगठ्याने चाचपून पाहिलं.

"बघितलाय," त्या रिक्षावाल्याला म्हणाल्या. "न्या आता."